नोकरी राहू दे, पहिलं प्रकरण सोडा

घणसोली गावठाणातल्या एका वाचक बाईंचं पत्र आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून ते थोडक्यात देतो आहोत.

वय 36. ठाण्यातल्या नौपाड्यात हिशेबाची नोकरी. घरात नवरा आणि चौथीतला मुलगा, माहेर दोन गल्ल्या पलीकडे. कपाटात चारेकशे पुस्तकं, वर्षाला पन्नासेक वाचून होतात. पाच वर्षांपासून एक कादंबरी मनात आहे: आजीची खारजमीन, ती नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोत जाणं आणि त्या जागेवर शहर उभं राहणं. आतापर्यंत सात वेळा सुरुवात केली. दर वेळी पस्तीसेक पानं झाली की एखादी चांगली कादंबरी वाचनात येते, आपलं लिखाण ‘पाणचट’ वाटू लागतं आणि गाडी पुन्हा पहिल्या पानावर. घरात लिहायला वेगळी जागा नाही. दोन खोल्यांचं भाडं येतं, म्हणून नवरा म्हणतो, ‘वर्षभर नोकरी सोड आणि लिहून टाक.’ आई म्हणते, ‘हातची नोकरी सोडून कागद काले करशील?’ त्या विचारतात, राजीनामा द्यावा का? की आपण फक्त चांगल्या वाचक आहोत, लेखक नाही, हे मान्य करून मोकळं व्हावं? सातपैकी दोन सुरुवाती त्यांनी सोबत जोडल्या आहेत.

---

तुमच्या पत्रातला एक आकडा तुम्ही स्वतः मांडून पाहिलेला दिसत नाही, आणि तुम्ही तर हिशेबातल्या. सात सुरुवाती, प्रत्येकी पस्तीस पानं, म्हणजे 245 पानं. फुलस्केप वहीच्या पानावर मध्यम अक्षरात 220 शब्द धरले तरी पन्नास हजारांच्या वर शब्द झाले. पन्नास-साठ हजार शब्दांची मराठी कादंबरी डेमी आकारात छापली की दोनशे पानांच्या आसपास भरते. एका कादंबरीएवढं लिखाण तुमच्या हातून होऊन गेलेलं आहे. फक्त एकाच खाचरात सात वेळा पेरणी झाली आणि बाकीची खाचरं पडीक राहिली.

मग वेळ नाही म्हणून कादंबरी अडली आहे, हे गृहीतक किती खरं? दोनशे पानांचं पुस्तक वाचायला पाच-सहा तास लागतात. वर्षाला पन्नास पुस्तकं म्हणजे अडीचशे ते तीनशे तास. आता दुसऱ्या बाजूनं बघा. आठवड्यातून चार दिवस, रोज पाऊण तास, त्यात तीनशे शब्द. नवख्या हाताला हा वेग जमतो, आणि आधीच्या पानांवर घुटमळलं नाही तर टिकतोही. आठवड्याचे बाराशे. सण, मुलाची परीक्षा, मार्चअखेरचं ऑफिस यांसाठी चार आठवडे सोडून 48 आठवडे धरा: 57,600 शब्द आणि 144 तास. पन्नासऐवजी पंचवीस पुस्तकं वाचलीत तर पहिल्या खर्ड्याचा वेळ तिथेच निघाला.

आता राजीनामा. नोकरी सोडली की रोज आठ तास लिहून होईल, असं नवऱ्यानं धरलेलं दिसतं. नवं लिखाण दिवसाला दोन-अडीच तासांच्या पुढे फार कमी जणांना जमतं. त्यापुढची पानं दुसऱ्या दिवशी बहुतेक खोडावी लागतात. उरलेल्या वेळात तुम्ही काय कराल हे तुमचं कपाटच सांगतंय. शिवाय घरी असलेली बाई सगळ्या घरासाठी ‘रिकामी’ असते. गॅसचा सिलिंडर, भाडेकरूचा नळ, शाळेतली सभा, दुपारी डोकावणारी नणंद, सगळं तुमच्या दिशेनं सरकेल, आणि ‘मी लिहितेय’ हे कारण ‘मी ऑफिसात आहे’ इतकं भक्कम कुणालाच वाटणार नाही. वरून वर्ष सरत आलं की प्रत्येक पान पगाराशी ताडून पाहिलं जाईल. दुसरं कुणी नाही, तुम्हीच पाहाल.

नवऱ्यानं मोठ्या मनानं वर्ष देऊ केलंय. त्याच्याकडे त्याहून अवघड गोष्ट मागा: आठवड्यातल्या चार सकाळी मुलाचा डबा, दप्तर आणि व्हॅनपर्यंत सोडणं. वार ठरवून, भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून. ‘जमेल तसं बघू’ यावर आजवर कुणाची कादंबरी पुढे सरकलेली नाही.

रजा मात्र साठवून ठेवा, ती पुढे लागेल. पहिला खर्डा तुकड्यातुकड्यांनी होतो, पण दुसऱ्या खर्ड्याला सगळी कादंबरी एकाच वेळी डोक्यात धरावी लागते. नव्वदाव्या पानावर मेलेली म्हैस एकशेतिसाव्या पानावर दूध देत असेल, तर ते आठवड्यातून चारदा पाऊण तास बसून सापडत नाही. त्या वेळी सलग पंधरा-वीस दिवसांची अर्जित रजा काढलीत तर ती वर्षभराच्या राजीनाम्याइतकी कामाला येईल.

वाचनाकडे येऊ, कारण खरी गोम तिथे आहे. एखादी कादंबरी वाचून संपल्यावर आपलं लिखाण पाणचट वाटतं, यात तुमच्या वाचनाची चूक नाही. तुलना विजोड आहे. हातात जे पुस्तक आहे ते चौथा-पाचवा खर्डा झालेलं, संपादकाच्या आणि मुद्रितशोधकाच्या हाताखालून गेलेलं; वहीत आहे तो पहिला. तुमच्यातली वाचक तयार आहे, कडक आहे, आणि दुसऱ्या खर्ड्याला तुम्हाला तिचीच गरज पडेल. सध्या ती पस्तिसाव्या पानावर येऊन निकाल देते आणि निघून जाते, एवढंच. तेव्हा ‘मी फक्त वाचक आहे का’ हा प्रश्न आत्ता सुटणार नाही. एक पूर्ण खर्डा हातात असल्याशिवाय त्याला काही आधारच नाही.

वाचन बंद करू नका. खर्डा चालू असताना फक्त आपल्या विषयाच्या आणि आपल्या बाजाच्या कादंबऱ्या बाजूला ठेवा. चरित्रं, प्रवास, शेतीवरची पुस्तकं, कविता चालतील. आणि लिहायला बसण्याआधी एक काम करा, दोन आठवड्यांचं. आवडती, दोनदा वाचलेली एकच कादंबरी घ्या आणि ती उसवा. प्रत्येक प्रकरणासाठी वहीत एक ओळ: कोण आहे, कुठे आहे, किती काळ गेला, शेवटी काय बदललं. शेजारी पानांची संख्या. प्रत्यक्ष प्रसंग किती पानं चालतो आणि ‘अशी दोन वर्षं गेली’ छापाचं निवेदन किती, तेही टिपा. वीस-पंचवीस ओळींत तो सांगाडा समोर येतो. वाचताना जी ओघवती वाटली होती तिच्यात लेखकानं दहा वर्षं एका परिच्छेदात उडवलेली आणि एका दुपारला अठरा पानं दिलेली सापडतील. नुसत्या वाचनातून हे हाताला लागत नाही. पोहणाऱ्याकडे काठावरून बघण्यासारखं आहे ते.

तुम्ही पाठवलेल्या दोन सुरुवाती या दृष्टीनं पाहण्यासारख्या आहेत. पहिलीत चार पानं गावाची माहिती आहे: खाडी कुठे, किती घरं, सिडकोची स्थापना 1970 ची, कुणाची किती जमीन गेली. त्यातलं काही चुकलेलं नाही, आणि वाचकानं ते का वाचावं याचं कारणही कुठे नाही. दुसरीत रात्री आजी कंदील घेऊन बांधावर जाते. ओहोटीला शेतातलं पाणी खाडीत जावं म्हणून उघाडीचं दार उघडलेलं आहे, भरती यायच्या आत ते बसायला हवं, आणि वाहत आलेला ओंडका फळीत अडकलाय. पाणी चढतंय. खारं पाणी खाचरात शिरलं तर पावसानं धुऊन काढलेली जमीन पुन्हा खारावेल आणि उभं राता भात जाईल. आजी पाण्यात उतरते. इथे तुम्ही जमीन म्हणजे काय, खार म्हणजे काय, ती गेल्यावर काय गेलं, सगळं दीड पानात सांगून टाकलंय, एक सनही न लिहिता. आणि हाच प्रसंग तुम्ही अकराव्या पानावर सोडून दिलात, कारण म्हणे ‘पार्श्वभूमी आली नाही’.

ही उघाडीची रात्र पहिल्या पानावर असेल की साठाव्या, ते आज ठरवू नका. पहिलं प्रकरण सगळ्यांत शेवटी लिहायचं, कारण कादंबरी कुठे जाऊन थांबते हे कळल्याशिवाय ती कुठून सुरू व्हावी हे कळत नाही. आत्ता तुमच्या मनात जे प्रसंग चित्रासारखे दिसतात त्यांची यादी करा, प्रत्येकी एक ओळ. मोजणीवाले शेतात आले तो दिवस. नोटीस वाचायला शाळेतल्या पोराला बोलावलं ती संध्याकाळ. मोबदल्याच्या पैशातून पहिल्यांदा आलेली वस्तू. हळदीत धवलारीण धवला गाताना मध्येच थांबली ती वेळ. पंधरा-वीस ओळी झाल्या की जो प्रसंग सर्वांत जास्त खुणावतो तो आधी लिहा. क्रम नंतर लावता येतो. सुटी पानं जमिनीवर पसरून लावतात, त्यात काही कमीपणा नाही.

वहीचे नियम थोडे सांगतो, ते पाळण्यासारखे आहेत. दोनशे पानी फुलस्केप वही, लिखाण फक्त उजव्या पानावर. डावं पान नंतरच्या दुरुस्त्यांसाठी कोरं. बसल्यावर मागचं फक्त शेवटचं पान वाचायचं, त्याच्या मागे जायचं नाही. माहिती अडली तर शोधायला उठायचं नाही. चौकटी कंसात ‘तपासा’ लिहून पुढे जायचं. तुमच्यासारखीला हा नियम विशेष लागू, कारण तुमच्या बाबतीत एक संदर्भ शोधायला काढलेलं पुस्तक दीडशे पानांपर्यंत वाचून होतं. थांबताना प्रसंग पूर्ण करून थांबू नका. पुढचं वाक्य माहीत असताना पेन ठेवा आणि समासात दोन शब्द टिपा. दुसऱ्या दिवशीची पहिली दहा मिनिटं वाया जातात ती याच अभावी. शेवटच्या पानावर तारीख आणि पानांची संख्या, तुमच्या लेजरसारखी.

संशोधनाची फाईल दोन इंच जाड झालीय असं लिहिलंयत. ती बंद करा, आणि तिच्यातून एकच कागद तयार करा. डाव्या बाजूला सन, उजव्या बाजूला तुमच्या पात्रांची वयं. समजा मधल्या पिढीतली मुलगी, आजीची लेक, 1958 ची. सिडको आली तेव्हा ती 12 वर्षांची. 1973 मध्ये खाडीवरचा पूल सुरू झाला तेव्हा 15. जानेवारी 1984 मध्ये जासई-नवघरला जमिनीच्या आंदोलनात गोळीबार होऊन पाच शेतकरी गेले तेव्हा ती 26 ची होते आहे, कदाचित कडेवर मूल. 1992 मध्ये लोकल वाशीला आली तेव्हा 34, आणि 2004 मध्ये ठाण्याहून ट्रान्स-हार्बर सुरू झाली तेव्हा 46. हा कागद नसला की काय होतं? 1985 सालच्या प्रसंगात तुमची नायिका लोकलनं घणसोलीहून ठाण्याला जाते. तेव्हा ना स्टेशन होतं ना रूळ. तुमच्याच गावातला वाचक तिथे पुस्तक मिटेल.

बोलीचा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण दोन्ही सुरुवातींत तो उघडा पडलाय. आजी एका वाक्यात ‘मना’ म्हणते, दुसऱ्यात ‘मला’. तुम्ही बोलता तशी आगरी सगळीच्या सगळी कागदावर उतरवली तर बाहेरचा वाचक दमतो, आणि थोडी शिंपडली तर घरचा वाचक चिडतो. निवेदनाची भाषा आधी पक्की करा. ती प्रमाण ठेवायची असेल तर संवादातल्या बोलीची पाच-सहा वैशिष्ट्यं निवडा, जसं ‘ळ’चा ‘ल’, ‘ण’चा ‘न’, ‘मला’चं ‘मना’, आणि ती शेवटपर्यंत सोडू नका. कोणता शब्द कसा लिहायचा याची यादी वहीच्या मागे ठेवा. पुढे मुद्रितशोधक सगळं ‘शुद्ध’ करायला बसेल तेव्हा हीच यादी त्याच्यापुढे टाकता येईल. तिन्ही पिढ्या सारखं बोलणार नाहीत हेही बघा. आजीची बोली जाड, आईची घरात एक आणि बाजारात एक, नातीची फक्त रागात बाहेर येणारी. आणि ‘उघाडी’, ‘निवट्या’, ‘चिंबोरी’ यांचे अर्थ कंसात देऊ नका. आजी उघाडीत ओंडका काढायला उतरते तेव्हा उघाडी म्हणजे काय ते कळतंच.

आजीच्या वयाची माणसं अजून आहेत तोवर त्यांचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. ‘जमीन गेली तेव्हा काय वाटलं?’ असं विचारलंत तर पेपरात छापतात तसलं उत्तर मिळेल. बांधाला माती कुठून आणायचे, कापणीला माणसं कोण यायची, पहिला चेक कुठल्या बँकेत आणि कुणाच्या सहीनं वटवला, असं वस्तूंचं आणि कामांचं विचारा. वाटलेलं आपोआप मध्ये येतं. चाळीस मिनिटांच्या वर बसवू नका. सगळं उतरवून काढण्याच्या फंदातही पडू नका, तासाभराचं बोलणं कागदावर यायला चार-पाच तास सहज जातात. ऐकताना मिनिट आणि विषय एवढंच टिपा.

जागेचं म्हणाल तर घरात खोली निघणार नाही, हे धरून चाला. डबा नवऱ्याकडे गेला की तुम्ही तास-सव्वा तास आधीची गाडी पकडू शकता. घणसोली ते ठाणे हा प्रवास इतका छोटा की गाडीत लिहिण्याचं नाव काढू नका. फार तर कानावर पडलेला एखादा संवाद फोनमध्ये टिपा. लिहायचं ते ऑफिसात, कुणी यायच्या आधी, आपल्याच टेबलावर, कॉम्प्युटर न लावता. हे जमत नसेल तर ठाणे स्टेशनपासून चालत जाण्यासारखं मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. वि. ल. भाव्यांच्या पुढाकारानं 1893 मध्ये सुरू झालेलं. बसून काम करायला जागा, वेळा आणि नियम काउंटरवर विचारा, आणि सभासद व्हाच. पुस्तकं विकत घेणं निम्म्यावर येईल. जुन्या वर्तमानपत्रांच्या फायलींची चौकशीही तिथेच करा, पण दुसऱ्या खर्ड्याच्या वेळी, ‘तपासा’ची यादी हातात घेऊन.

टाइप करण्याची घाई नको. केलंत तर युनिकोडमध्येच. जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर दुसरीकडे नेताना जोडाक्षरं आणि रफार फुटतात, आणि दोनशे पानांत ते शोधणं म्हणजे तांदळातले खडे वेचणं. पुष्कळ जण हस्तलिखित फोनला वाचून दाखवतात. वेळ वाचतो, पण विरामचिन्हं हातानं घालावी लागतात, आणि तो फोन तुमच्या आजीला प्रमाण मराठीत बोलायला लावेल, तेव्हा संवाद हातानंच टाइप करा. प्रत्येक प्रकरणाची वेगळी फाईल, नावात तारीख, दर शुक्रवारी स्वतःलाच मेल.

खर्डा झाल्यावर प्रिंट काढा, 14 पॉइंट, रुंद समास, स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे स्पायरल. तीन वाचक पुरेत: एक आगरी घरातला, एक विदर्भ-मराठवाड्याकडचा, एक फारसं न वाचणारा. नवरा नको. ‘कशी वाटली?’ विचारलंत की ‘छान’ असंच उत्तर येणार. कुठे वाचायचं थांबलात, कोणती दोन माणसं एकमेकांत मिसळली, कोणती पानं चाळून पुढे गेलात, हे तीन प्रश्न द्या. तिघांपैकी दोघं एकाच पानावर अडले तर दोष पानाचा.

प्रकाशनाबद्दल इतक्यात विचार करू नये, तरी दोन गोष्टी कानावर असू द्या. पैसे मागणारा प्रकाशक भेटला तर तो छपाईची सेवा विकतोय एवढं समजून किती प्रती, कुणाच्या मालकीच्या आणि विक्री कोण करणार हे लेखी घ्या. ‘आयएसबीएनचे’ म्हणून वेगळे पैसे कुणी लावले तर देऊ नका. आपल्याकडे तो क्रमांक सरकारी एजन्सीकडून फुकट मिळतो. पहिल्या पुस्तकासाठी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, तिची जाहिरात आली की अटी नीट वाचा. आणि कुणी चोरेल या भीतीनं लिखाण दडवू नका, कॉपीराइट लिहिल्या क्षणापासून तुमचाच असतो.

आज एवढंच करा. सातही सुरुवाती एका पिशवीत भरा. उघाडीची अकरा पानं तेवढी बाहेर काढून ठेवा. पिशवी घेऊन दोन गल्ल्या पलीकडे जा, आईच्या कपाटात ठेवा आणि किल्ली तिच्याकडेच राहू द्या. दोनशे पानं झाल्याशिवाय मागायला आलीस तर देणार नाही, असं तिच्याकडून वदवून घ्या. कागद काळे करण्याला तिचा विरोध आहे, त्यामुळे ती हे काम चोख करेल.